टेबलाशी येणारे शब्द दाराशी का येत नाहीत?

एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते लांब आहे, म्हणून त्यातला मुख्य भागच इथे देते.

"आमचा मुलगा पावणेचार वर्षांचा आहे. वर्षापूर्वी ऑटिझमचं निदान झालं. आठ महिन्यांपासून घरीच बिहेवियर थेरपी चालू आहे. आठवड्यातून तीन दिवस थेरपिस्ट येतात, बाकीचं सगळं माझी पत्नी करते. त्यासाठी तिने नोकरी सोडली. रोज पाच-सहा तास टेबल, कार्डं, 'माझ्याकडे बघ', आणि बरोबर उत्तराला खाऊचा एक तुकडा. टेबलाशी तो पंधराएक शब्द म्हणतो. टेबलावरून उठला की एकही नाही. काही हवं असलं की माझ्या आईचा हात धरून नेतो, बोट दाखवतो, आणि आई लगेच देते. सेंटरने सांगितलंय की बोलल्याशिवाय काहीही द्यायचं नाही, तो हात झटकायला लागला की हात धरून ठेवायचे, रडण्याकडे लक्ष द्यायचं नाही. गेल्या दीड महिन्यापासून टेबल मांडताना पाहूनच तो रडायला लागतो, मनगट चावतो. दोनदा डोकं भिंतीवर आपटलं. सेंटर म्हणतं तास वाढवा, आठवड्याला ४० तरी हवेत, पाच वर्षं झाल्यावर फारसं काही हाती लागत नाही. मी संध्याकाळी आलो की त्याला खांद्यावर बसवून घरभर फिरवतो. पत्नी म्हणते, तू आणि आई मिळून माझी दिवसभराची मेहनत पाण्यात घालता. तास वाढवायचे का? आणि चूक नक्की कोणाची?"

तास वाढवू नका. मनगट चावण्याचं आणि डोकं आपटण्याचं कारण कळेपर्यंत तर मुळीच नाही. उलट आहेत तेच कमी करा. एवढं सांगायला मला तुमच्या मुलाला भेटण्याची गरज नाही. टेबल दिसताच पोर स्वतःला चावून घेत असेल, तर त्याला त्याच टेबलाशी आणखी वेळ बसवून प्रश्न सुटणार नाही.

पहिलं काम बालरोगतज्ज्ञांकडे जाण्याचं. स्वतःला इजा करून घेणं नव्याने सुरू झालं की आधी शरीर तपासायचं, मग वागणं. कान दुखत असेल, दाढ किडली असेल, शौचाला खडा होत असेल, खाल्लेलं घशाशी येत असेल, रात्रीची झोप मोडत असेल. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये पोटाच्या आणि झोपेच्या तक्रारी इतर मुलांपेक्षा जास्त दिसतात, आणि तुमच्या मुलाच्या पंधरा शब्दांत 'दुखतंय' हा शब्द असेल असं मला वाटत नाही. सहसा कार्डांवर फळं, प्राणी आणि रंग असतात. डॉक्टरांकडे जाताना फोनमध्ये दोन-तीन व्हिडिओ घेऊन जा. चावण्याच्या आधीचं मिनिटभर त्यात आलं तर फार बरं, कारण तपासणीच्या खोलीत मूल भलतंच वागतं. 'ऑटिझममध्ये असं चालायचंच' एवढं ऐकून परतू नका. कान, दात आणि पोट तपासून घ्या, मग हवं तर ते वाक्य ऐका.

शरीरात काही सापडलं नाही, किंवा सापडून बरं झाल्यावरही चावणं थांबलं नाही, तर पुढचा प्रश्न असा की हे करून त्याला काय मिळतं. एक वही घ्या आणि आठवडाभर तीन रकाने भरा. आधी काय घडलं, त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. 'हट्ट केला' असं लिहायचं नाही. 'कार्डांचा डबा काढला, तो खाली बसला, मनगट तोंडात घातलं, डबा बाजूला ठेवला' असं लिहायचं. अशा वागण्यामागे साधारण चार कारणं सापडतात. नको असलेल्या गोष्टीतून सुटका हवी असते, कोणाचं तरी लक्ष हवं असतं, एखादी वस्तू हवी असते, किंवा त्या कृतीनेच शरीराला बरं वाटत असतं. तुमच्या पत्रात पहिल्या कारणाची खूण आहे. रडणं अवघड काम सांगितल्यावर सुरू होत नाही, टेबल मांडतानाच होतं.

सुटका हवी असलेल्या मुलाला सुटका मागायला शिकवायचं. हे मी थेरपीच्या विरोधात बोलत नाहीये, ही वर्तनशास्त्राचीच शिकवण आहे. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की मूल कशासाठी तसं वागतंय ते आधी शोधलं, आणि तीच गोष्ट मागण्याचा सोपा मार्ग शिकवला, तर त्रासदायक वागणं कमी होतं. तुमच्या घरात याचा अर्थ एक 'बस झालं'चं कार्ड, किंवा हाताची ठरलेली एक खूण. पहिले काही दिवस तो रडायच्या आधीच, चेहरा जरा बदलला की, त्याचा हात हलकेच त्या कार्डावर ठेवायला मदत करायची आणि लगेच सगळं आवरायचं. 'फक्त हे एक शेवटचं' म्हणायचं नाही. त्या एका शेवटच्याने कार्डावरचा त्याचा विश्वास जातो. मग तो दिवसभर तेच कार्ड दाखवत राहील ना? राहील, काही दिवस. राहू द्या. आपण म्हटलं की खरंच थांबतात, याची खात्री पटल्यावर मुलं हळूहळू जास्त वेळ थांबायला लागतात, आणि मग 'आधी हे, मग बस' असं सांगता येतं.

दुसरंही एक कारण आहे. ऑटिझम असलेली कितीतरी माणसं मोठेपणी सांगतात की त्यांच्या लहानपणच्या थेरपीने त्यांना सांगितलेलं ऐकायला शिकवलं, नकार द्यायला शिकवलं नाही. आपल्या 'नको'ला किंमत नाही हे ज्या मुलाच्या मनात पक्कं बसलं, त्याचा गैरफायदा घेणं पुढे कोणालाही सोपं जातं. पावणेचार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे बोलणं घाईचं वाटेल, पण सवय याच वयात लागते.

'रडण्याकडे लक्ष देऊ नका' या सल्ल्याबद्दल. एखाद्या वागण्याने काहीच मिळेनासं झालं की ते विरत जातं, हे तत्त्व खरं आहे. पण विरण्याआधी ते कित्येकदा उसळतं, आणि ही उसळी थेरपिस्टना शिकताना पहिल्याच काही धड्यांत सांगितली जाते. रडणं उसळलं तर घर दणाणतं, एवढंच. डोकं आपटणं उसळलं तर इजा होते. म्हणून स्वतःला इजा करणाऱ्या मुलाकडे घरी, अनुभवी माणूस शेजारी नसताना, मुद्दाम दुर्लक्ष करायचं नसतं. शिवाय सुटकेसाठी रडणाऱ्या मुलाकडे तुम्ही नुसतं लक्ष दिलं नाहीत तर त्याच्या कारणाला हातही लागत नाही, त्याला लक्ष नकोच होतं. डोकं आपटायला लागला तर मध्ये उशी किंवा तुमचा तळहात घाला, आवाज खाली आणा, शब्द कमी करा, दिवा मंद करा, आणि तो शांत होईपर्यंत काही शिकवू नका. त्या क्षणी त्याला काही ऐकू जात नसतं.

आता ते ४० तास. १९८७ साली लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९ लहान मुलांना दोन किंवा त्याहून अधिक वर्षं, आठवड्याला ४० तास, शिकवून तयार केलेल्या विद्यार्थ्यांनी प्रामुख्याने घरी येऊन शिकवलं. त्यांतल्या ९ मुलांनी नेहमीच्या वर्गात पहिली पूर्ण केली आणि त्यांचा बुद्ध्यांक सर्वसाधारण पातळीला आला. आठवड्याला १० तास किंवा त्याहून कमी मिळालेल्या मुलांत तसं जवळपास घडलंच नाही. ही बातमी जगभर गेली आणि तिच्याबरोबर ४० हा आकडाही गेला. मागे राहिल्या त्या दोन गोष्टी. कोणतं मूल कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, पुरेसे शिकवणारे मिळतात का यावर ठरलं होतं. आणि चुकीच्या वागण्यावर जोरात 'नाही' ओरडणं, प्रसंगी मांडीवर चापट मारणं हा त्या कार्यक्रमाचा भाग होता. चापट नंतर सोडून देण्यात आली, आकडा मात्र टिकला.

त्यानंतर तासांचा प्रश्न नीट तपासला गेला. २०२१ साली मानसशास्त्रज्ञ सॅली रॉजर्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात फार लहान मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटांत वाटणी करून, काहींना आठवड्याला १५ तास आणि काहींना २५ तास थेरपी दिली होती. वर्षानंतर दोन्ही गटांच्या प्रगतीत एकंदरीत फरक दिसला नाही. २०२४ साली १४४ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, आणि जास्त तास म्हणजे जास्त फायदा याला ठोस आधार मिळाला नाही. म्हणून थेरपीच निरर्थक, असं समजू नका. लवकर सुरू केलेल्या, नीट आखलेल्या थेरपीने कित्येक मुलांची भाषा आणि रोजची कामं सुधारतात. कोणाची किती, हे आधी सांगता येत नाही. पण 'फरक पडत नाही, तर तास वाढवा' हे सेंटरचं बोलणं मला पटत नाही. औषध लागू पडत नसेल तर डॉक्टर आधी औषध बरोबर आहे का ते पाहतात.

पाच वर्षांनी दार बंद होतं, हेही तसंच. लवकर सुरुवात चांगली, यात वाद नाही. पण २०१३ साली अमेरिकेत ५३५ मुलांची माहिती तपासली गेली. ही सगळी मुलं चार वर्षांची होईपर्यंत शब्द जोडून बोलत नव्हती, आणि तपासणीच्या वेळी आठ किंवा त्याहून मोठी होती. त्यांतली ७० टक्के तोवर शब्द जोडून बोलू लागली होती, आणि जवळपास निम्मी सहज बोलत होती. तुमचा मुलगा यांतल्या कोणत्या बाजूला असेल हे मी सांगू शकत नाही, कोणीही सांगू शकत नाही. पण सव्वा वर्षात सगळं संपेल या धाकाने घर चालवू नका.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. टेबलाशी पंधरा शब्द, उठला की एकही नाही. ही आळशीपणाची किंवा हट्टाची गोष्ट नाही. ऑटिझम असलेली बरीच मुलं एखादी गोष्ट जिथे, ज्याच्याकडून, ज्या क्रमाने शिकतात, तिथेच ती त्यांच्यापाशी राहते. 'गाडी' हा शब्द त्याच्यासाठी चित्र, आईचा प्रश्न आणि खाऊचा तुकडा यांच्या मध्ये बसलाय. जमिनीवरच्या खऱ्या गाडीशी त्याचं नातं अजून जुळलेलं नाही, कारण 'गाडी' म्हटल्यावर त्याला कधी गाडी मिळालीच नाही, खाऊ मिळाला. शब्दाने वस्तू हातात येते हे त्याला टेबल शिकवू शकत नाही, घर शिकवू शकतं. म्हणून गेल्या वीस-तीस वर्षांत वर्तन थेरपीचा मोठा भाग टेबलावरून उठून जमिनीवर, न्हाणीघरात आणि खेळात गेला. तत्त्वं तीच राहिली. थोडी मदत, ती हळूहळू काढून घेणं, आणि जमल्यावर लगेच फळ. फक्त फळ मुलाला हवं तेच.

आता तुमचं खांद्यावर फिरवणं. मेहनत पाण्यात घालण्याचा आरोप ज्याच्यावर आला, तेच मला तुमच्या घरातलं सगळ्यात चांगलं सेशन वाटतं, फक्त तुम्ही ते सेशन म्हणून करत नाही. फिरवता फिरवता मध्येच थांबा. काही बोलू नका, मनात दहापर्यंत मोजा. तो अंग हलवेल, तुमच्या डोक्यावर थापटेल, किंवा वाकून तुमच्या चेहऱ्याकडे बघेल. त्या क्षणी 'चल!' म्हणा आणि निघा. पुन्हा थांबा. पाच-सहा वेळा झालं की पुरे, तो कंटाळण्याआधी खेळ संपवा. काही दिवसांनी थांबल्यावर 'च…' म्हणून वाट पाहा. आवाज आला, कसलाही आला, तरी निघा. 'नीट म्हण' म्हणू नका. एक दिवस 'चल' येईल, आणि तो खाऊच्या तुकड्यासाठी आलेला नसेल. नाही आला तरी थापटणं हीसुद्धा मागणीच आहे. दहापर्यंत मोजणं ऐकायला सोपं वाटतं, पण आपण मोठी माणसं तिसऱ्या आकड्यालाच तोंड उघडतो. तेवढं जमवा.

याच पद्धतीने दिवसातले दोन-तीन प्रसंग निवडा, जास्त नाही. बाहेर जाताना बूट घालणं घ्या. पायात बूट घालून पट्टा ओढण्यापर्यंतचं सगळं तुम्ही करा आणि शेवटचं, पट्टा दाबून चिकटवणं, त्याला करू द्या. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी त्याच्याकडे द्या. असं शेवटाकडून शिकवलं की प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पूर्ण होतं आणि लगेच दार उघडतं. अंघोळीत एक मग त्याच्या हातात, एक तुमच्या. तो जे करेल ते तुम्ही करा. ओतलं की ओता, आपटलं की आपटा. काही मिनिटांत तो तुमच्याकडे बघेल, तुम्ही बघ म्हटलेलं नसताना.

याचं वजन कळावं म्हणून आणखी एका अभ्यासाबद्दल सांगते. ब्रिटनमध्ये १५२ लहान मुलांच्या पालकांवर एक प्रयोग झाला. त्यात थेरपिस्ट मुलाला शिकवतच नव्हते. पालक आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, मग पालकांबरोबर बसून तो पाहायचा: इथे त्याने काहीतरी सांगितलं, ते तुमच्या लक्षात आलं नाही, इथे तुम्ही थांबलात, आणि तो वळला. घरी रोज सुमारे अर्धा तास सराव. २०१० साली पहिला निकाल आला तेव्हा पालक आणि मुलांमधला संवाद सुधारलेला स्पष्ट दिसला, ऑटिझमच्या लक्षणांत मात्र फारसा फरक नव्हता. सुमारे सहा वर्षांनी त्यांतल्या बहुतेक मुलांना पुन्हा पाहिलं, तेव्हा लक्षणांची तीव्रताही, ज्यांच्या पालकांना हे शिकवलं नव्हतं अशा तुलनेच्या मुलांपेक्षा कमी होती. अर्धा तास पुरे असा याचा सरळ अर्थ मी काढत नाही. पण तुमच्या पत्नीच्या सहा तासांतले किती तास या अर्ध्या तासासारखे आहेत, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

तुमच्या आईबद्दल. ऑटिझममध्ये बोट दाखवणं उशिरा येतं, काही मुलांत येतच नाही. तुमचा मुलगा हात धरून नेतो आणि बोट दाखवतो. हे सांगणंच आहे, आणि त्याला शिक्षा झाली तर तो सांगायचं थांबेल. आजी ते ओळखतात आणि प्रतिसाद देतात, यात काही बिघडत नाही. फक्त देण्याआधी एक गोष्ट त्यांनी करावी. वस्तू हातात घ्यावी, तिचं नाव एकदा स्पष्ट म्हणावं, क्षणभर थांबावं, आणि द्यावी. तो म्हणाला तर उत्तम, नाही म्हणाला तरी द्यावी. 'बोलल्याशिवाय काहीही नाही' हा नियम आजच बंद करा. पाणी, जेवण, शौचाला जाणं आणि जवळ घेणं या गोष्टी तर कधीच अडवून ठेवायच्या नसतात, थेरपीच्या नावाखालीही नाही.

आजींना आणखी एक काम आहे. चित्रांची देवाणघेवाण ही पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५च्या सुमारास सुरू केली. मूल हव्या त्या वस्तूचं चित्र उचलून समोरच्याच्या हातात देतं आणि ती वस्तू मिळवतं. पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. एक जण समोर वस्तू घेऊन बसतो आणि दुसरा मुलाच्या मागे बसून, काही न बोलता, त्याचा हात चित्राकडे नेऊन देतो. एकट्या आईला हे नीट जमत नाही. तुम्ही आणि आजी मिळून ते करू शकता. चित्रांची सवय लागली तर बोलणं मागे पडेल अशी भीती जवळपास प्रत्येक घरात असते. आतापर्यंतच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. बऱ्याच मुलांचं बोलणं थोडं वाढतंच. सुरुवात कशी करायची ते स्पीच थेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या.

हात झटकण्याबद्दल थोडक्यात. ते धरून ठेवायचं काही कारण नाही. त्याने कोणाला लागत नाही, आणि त्याला त्यातून आनंद मिळतो किंवा तो त्याने स्वतःला सावरतो. धरून ठेवलेले हात मग तोंडाशी जातात, आणि मनगट चावण्याचं एक कारण तिथेही असू शकतं. वहीत ते पाहा. 'माझ्याकडे बघ'चंही तेच. डोळ्यांत बघताना ऐकणं अवघड जातं, असं ऑटिझम असलेली अनेक मोठी माणसं सांगतात. मूल आपणहून वळलं, एखादी गोष्ट दाखवायला आलं, तर ते हवं आहे. हुकमाची नजर नको.

टेबल अडगळीत टाका असं मी म्हणत नाही. जोड्या लावणं, बटणं, पुढे कधीतरी पेन्सिल, या गोष्टी बसून छान शिकता येतात. पण सध्या काही आठवडे टेबलाची सुट्टी करा. मग त्यावर त्याच्या आवडीचं काहीतरी ठेवा आणि काहीच मागू नका. तो आपणहून यायला लागला की पाच मिनिटांपासून सुरुवात.

आणि तुमच्या पत्नी. चूक कोणाची, हे तुम्ही विचारलंत. त्यांची तर नाहीच. त्यांनी जे सांगितलं गेलं ते नेमकं केलं, तेही सगळं सोडून. १९४३ साली मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमची ओळख करून दिली. पुढची दोनेक दशकं आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, असं सांगण्यात बरेच तज्ज्ञ गुंतले होते. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडीलही, मुळं शरीरात आणि मेंदूत आहेत असा युक्तिवाद मांडला आणि तो आरोप हळूहळू मागे पडला. आज आईला दोष कोणी उघड देत नाही. तिच्या तासांचा हिशोब मागतात. ओझं त्याच खांद्यावर आहे.

म्हणून हे उत्तर त्यांच्यापुढे सरकवून 'बघ, मी काय म्हणत होतो' असं करू नका. तुम्ही संध्याकाळी येऊन लाडका बाबा होता आणि दिवसभर 'म्हण, म्हण' करणारी व्यक्ती त्या ठरतात, हे त्यांना आधीच बोचत असणार. आधी त्यांच्या हातातून काहीतरी घ्या. अंघोळ आणि झोपवणं कायमचं तुमच्याकडे येऊ द्या. सुट्टीच्या दिवशी अर्धा दिवस मूल तुमचं आणि आजीचं, आणि त्या वेळात पत्नी काय करतात हे विचारायचं नाही. त्यांना मुलाबरोबर काहीही न शिकवता खेळायला वेळ मिळू द्या. आठ महिन्यांत तो मिळाला नसावा. नोकरीचाही विषय काढा. परत जायचंय का, हे त्यांना कोणी विचारलं नसेल. झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर त्यांच्यासाठी वेगळ्या डॉक्टरांकडे जा.

सेंटरशी भांडायला जाऊ नका, दोघांनी मिळून भेटा. वही सोबत न्या. आत्ता नेमकी कोणती उद्दिष्टं आहेत आणि तीच का? 'रंग ओळखणं' 'मदत मागणं'च्या आधी का आलं? तो रडतो तेव्हा तुमची माणसं काय करतात? प्रत्येक सेशनला आम्ही बसू शकतो का? टेबलाबाहेर शब्द वापरला जातोय का, याची नोंद कोण ठेवतं? थेरपिस्टच्या कामावर देखरेख कोणाची आणि त्यांनी मुलाला शेवटचं कधी पाहिलं? चांगली माणसं या प्रश्नांनी दुखावत नाहीत, काही जण तर सुटकेचा श्वास टाकतात, कारण पालक तासांपलीकडचं काही विचारतायत. तुमच्याकडे येणाऱ्या थेरपिस्टही बहुधा वरून आलेली यादी पुरी करत असतील. त्यांच्याशी खासगीत बोला, त्यांना मूल माहीत आहे. पण दार लावून घेणारे, मूल धरून बसवणारे, बरं करून देण्याची हमी देणारे, किंवा 'पालक समोर असले की तो बिघडतो' असं सांगून तुम्हाला कायम बाहेर ठेवणारे असतील, तर दुसरीकडे जा. मधले काही आठवडे थेरपीविना गेले तरी चालेल.

डॉक्टरांकडे वेळ घेऊन जायचं म्हटलं, ते आजच्या परिस्थितीसाठी. डोकं आपटल्यावर उलटी झाली, तो सुस्त वाटला किंवा काही सेकंद टक लावून हरवल्यासारखा झाला, हातापायांना झटके आले, चावल्याची जखम चिघळली, किंवा आलेले शब्द आणि जमणाऱ्या गोष्टी अचानक जायला लागल्या, तर वेळ मिळायची वाट पाहू नका. त्याच दिवशी दाखवा.